किडनीसाठी ‘एक्सोसोम थेरपी’ : संशोधन कुठवर आले आणि जाहिरात कुठे पोहोचली?

“डॉक्टर, डायलिसिस टळेल असे नवीन इंजेक्शन निघाले आहे म्हणे. एक्सोसोम. घ्यायचे का?” हा प्रश्न आता तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यातही येतो. विचारणारा बहुतेक वेळा रुग्ण नसतो. मुलगा, सून किंवा जावई असतो. मोबाइलवर एखादा व्हिडिओ असतो आणि त्यात सांगितलेला खर्च लाखांत असतो. क्रिएटिनिन चार-पाचपर्यंत गेलेले असते, किडनीतज्ज्ञांनी हातावर फिस्टुला करून ठेवायला सांगितलेले असते आणि नेमक्या त्याच दिवसांत हा व्हिडिओ समोर येतो. अशा वेळी घरची माणसे शेताचा तुकडा विकायलाही मागेपुढे पाहत नाहीत. म्हणून हा विषय जरा सविस्तर समजून घेऊ.

आधीच एक सांगून टाकतो. एक्सोसोम ही कुणी रचलेली थाप नाही. ते तुमच्या-माझ्या शरीरात आहेत आणि किडनीच्या आजाराबद्दल ते जे सांगू लागले आहेत ते खरोखर महत्त्वाचे आहे. अडचण आहे ती या खऱ्या विज्ञानाच्या नावावर बाटलीत भरून जे विकले जाते त्याची.

पेशींची टपालव्यवस्था

शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी स्वतःच्या आवरणाचे बारीक बुडबुडे बाहेर सोडत असते. त्यांना एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स, मराठीत पेशीबाह्य पुटिका म्हणतात. त्यातल्या सगळ्यात लहान गटाला एक्सोसोम हे नाव आहे. त्यांचा आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. डोक्यावरच्या एका केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, यावरून अंदाज करा. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसतच नाहीत.

१९८३ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल आणि अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या दोन प्रयोगशाळा कोवळ्या लाल रक्तपेशींचा अभ्यास करत होत्या. पेशी पक्व होताना नको असलेले प्रथिन अशा बुडबुड्यांतून बाहेर टाकते, असे दोघांनाही दिसले. बरीच वर्षे या पुटिकांना पेशीचा केरकचराच समजले जात होते. पुढे लक्षात आले की त्यांच्या आत प्रथिने असतात, चरबीचे रेणू असतात, आरएनएचे तुकडे असतात. आणि दुसरी पेशी ती पुटिका गिळते तेव्हा हा मजकूर तिच्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे कचरा म्हणून पाहिले ती निघाली टपालाची पाकिटे. पण पाकीट निरोपाचे असते तसे धमकीचेही असते. किडनीच्या बाबतीत ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण जाहिरातीत फक्त चांगल्या पाकिटांची गोष्ट असते.

लघवीतून येणारा निरोप

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातले बहुतेक सगळे परत शोषून घेतात. उरते ती दीड-दोन लिटर लघवी. गाळणी शाबूत असेल तर रक्तातल्या पुटिका तिच्यातून सहजासहजी पार होत नाहीत. त्या मानाने त्या फारच मोठ्या आहेत. म्हणून लघवीत ज्या पुटिका सापडतात त्या मुख्यतः किडनीच्याच पेशींनी आणि पुढच्या मूत्रमार्गाने सोडलेल्या असतात. २००४ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लघवीतल्या एक्सोसोममध्ये किडनीच्या वेगवेगळ्या भागांतल्या पेशींची प्रथिने दाखवून दिली. तेव्हापासून संशोधकांची आशा वाढली : पाठीत सुई घालून किडनीचा तुकडा काढण्याऐवजी लघवीच्या बाटलीतच किडनीची खबर मिळाली तर?

ही आशा हवेतली नाही. किडनीच्या गाळणीवर पोडोसाइट नावाच्या पेशी असतात. मधुमेहात पहिला मार त्यांना बसतो. मधुमेह झालेल्या उंदरांत असे दिसले की लघवीतून प्रथिन जायला लागण्याआधीच पोडोसाइटच्या पुटिका लघवीत वाढतात. पिढीजात चालणाऱ्या पॉलिसिस्टिक किडनीच्या आजारात जे प्रथिन बिघडलेले असते ते लघवीतल्या पुटिकांवर मोजता येते. आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन इथल्या डॉक्टरांनी किडनी प्रत्यारोपण झालेल्या १७५ जणांच्या लघवीतल्या एक्सोसोममधला आरएनए तपासून, शरीर नवी किडनी नाकारते आहे का हे ओळखण्याचा प्रयत्न केला. निकाल उत्साह वाढवणारे होते. प्रत्यारोपण झालेल्यांना हे चटकन समजेल. क्रिएटिनिन थोडे जरी वाढले तरी बायोप्सीची टांगती तलवार असते. ती सुई टळली तर कोणाला नको आहे?

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. दुखावलेली पेशीही पाकिटे पाठवते. किडनीच्या नलिकेतल्या पेशींना इजा झाली की त्या ज्या पुटिका सोडतात, त्यांत शेजारच्या पेशींना ‘धागे विणायला घ्या’ असे सांगणारा संदेश असू शकतो. त्यातून किडनीत व्रण धरतो, किडनी आक्रसत जाते आणि गेलेली ताकद परत येत नाही. दीर्घकाळ किडनीचा आजार असलेल्यांच्या रक्तवाहिन्या कडक होतात, त्यांत कॅल्शियम साचते; तिथेही रक्तवाहिनीच्या स्नायूपेशींनी सोडलेल्या पुटिका हा कॅल्शियम धरण्याचा पहिला कण ठरतात असे दिसले आहे. किडनीच्या रुग्णांत हृदयविकार इतका का आढळतो, याचा एक धागा इथे आहे.

मग ही लघवीची तपासणी आपल्या लॅबमध्ये का होत नाही? कारण ती अजून तयार नाही. सकाळची लघवी आणि संध्याकाळची लघवी यांत फरक पडतो. लघवीतच यूरोमोड्युलिन नावाचे एक चिकट प्रथिन असते, ते पुटिकांना अडकवून ठेवते. एका लॅबची पद्धत दुसरीशी जुळत नाही. या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लघवीतल्या पुटिकांसाठी खास गट नेमला आणि नमुना कसा घ्यावा, कसा साठवावा याबद्दल २०२१ मध्ये सविस्तर मांडणी केली. साधी बाटली कशी भरायची यावरच एकमत घडवावे लागते आहे, यावरून मजल किती बाकी आहे ते कळेल.

उपचार म्हणून काय हाती आहे?

इटलीतल्या तुरीन इथल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की मूळपेशींनी, म्हणजे स्टेम सेल्सनी, सोडलेल्या पुटिका टोचल्या की किडनीला अचानक इजा झालेले उंदीर लवकर सावरतात. पेशी द्यायची गरज नाही, तिने पाठवलेले पाकीट पुरेसे आहे, ही कल्पना तिथून जोर धरू लागली. त्यानंतर प्राण्यांवर असे पुष्कळ प्रयोग झाले.

माणसांवरचा सगळ्यात जास्त उल्लेख होणारा अभ्यास इजिप्तमधला आहे, २०१६ चा. दीर्घकालीन किडनीविकाराचे ४० रुग्ण. निम्म्यांना नाळेच्या रक्तातल्या मूळपेशींपासून काढलेल्या पुटिकांचे दोन डोस दिले, एक शिरेतून आणि एक थेट किडनीच्या रक्तवाहिनीत. बाकीच्यांना दिले नाहीत. वर्षभरात उपचार घेतलेल्या गटाचे रिपोर्ट सुधारले. तुमच्या मोबाइलवरच्या व्हिडिओत ‘मानवी चाचणीत सिद्ध’ असे म्हटले असेल, तर बोट बहुधा इकडेच असते.

चाळीस माणसे, एक केंद्र, एक वर्ष. मी या अभ्यासाला वाईट म्हणत नाही. पहिले पाऊल असेच लहान असते. पण वैद्यकशास्त्रात लहान अभ्यासात चमकलेल्या आणि मोठ्या अभ्यासात विझलेल्या औषधांची यादी फार लांब आहे. तुलनेसाठी पाहा : डापाग्लिफ्लोझिन या गोळीची किडनीवरची मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ४,३०४ रुग्ण होते. एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत ६,६०९. एवढ्या लोकांवर पारखल्यावर आम्ही डॉक्टर चिठ्ठीवर ते नाव लिहितो. पुटिकांच्या बाबतीत अशी मोठी चाचणी झालेली नाही, आणि किडनीच्या आजारासाठी एक्सोसोमच्या कोणत्याही औषधाला भारतात किंवा अमेरिकेत मान्यता नाही.

बाटलीत काय आहे, हाही प्रश्न आहेच. या क्षेत्रातले शास्त्रज्ञ स्वतःच ‘एक्सोसोम’ हा शब्द सरसकट वापरू नका म्हणतात, कारण हाती आलेली पुटिका पेशीच्या नेमक्या कोणत्या भागातून निघाली हे सिद्ध करणे कठीण असते. त्यांची शुद्धता, त्यांची संख्या, त्यांची ताकद मोजण्याची सर्वमान्य पद्धत अजून बसायची आहे. शिवाय शिरेतून दिलेल्या पुटिकांपैकी बऱ्याच थोड्याच वेळात यकृत आणि प्लीहा यांत अडकतात, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसते. किडनीपर्यंत किती पोहोचतात आणि तिथे कोणता निरोप देतात, हे सलाईनच्या बाटलीवर लिहिलेले नसते.

‘पण त्यांचे क्रिएटिनिन खरंच उतरले’

हा सगळ्यात अवघड मुद्दा, कारण सांगणारा खोटे बोलत नसतो. ओळखीतल्या कुणाचे तरी क्रिएटिनिन ५.२ वरून ४.१ वर आलेले असते, रिपोर्ट हातात असतो. त्यापुढे चार हजार रुग्णांची चाचणी फिकी वाटते.

क्रिएटिनिन हा किडनीचा थेट फोटो नाही. तो स्नायूंतून तयार होणारा पदार्थ आहे. किडनी तो किती बाहेर टाकते यावरून आम्ही अंदाज बांधतो. दीर्घकालीन आजारातही हा आकडा वर-खाली होत असतो. उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाले की वाढतो, पाणी भरून निघाले की उतरतो. गुडघ्यासाठी रोज घेतली जाणारी पेनकिलर बंद केली की उतरू शकतो. प्रोस्टेटमुळे तुंबलेली लघवी मोकळी झाली तर उतरतो. लघवीचा जंतुसंसर्ग बरा झाला तर उतरतो. आता विचार करा : माणूस उपचाराला जातो कधी? आकडा सर्वांत वाईट असतो तेव्हा. तिथे गेल्यावर इंजेक्शनाबरोबर काय होते? पेनकिलर बंद होते, पथ्य सुरू होते, बीपीच्या गोळ्या वेळेवर जातात, मटण थांबते. आकडा उतरतो आणि श्रेय इंजेक्शनाला मिळते.

एक फसवा उतार आणखी आहे. अन्नच कमी झाले, वजन आणि स्नायू झडले, तरी क्रिएटिनिन कमी दिसते, कारण ते तयारच कमी होते. रिपोर्ट सुधारला आणि माणूस मात्र खंगला, असे झाले तर त्याला सुधारणा म्हणू नका. म्हणूनच चाचणीत दुसरा गट ठेवावा लागतो, ज्याला औषध दिलेले नाही. एका माणसाच्या रिपोर्टमध्ये तो दुसरा गट नसतो.

धोका आणि कायदा

‘फायदा नाही तर नाही, तोटा तर नाही ना?’ असे म्हणून पुढे जाऊ नका. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. नेब्रास्का राज्यात एक्सोसोम म्हणून विकलेली उत्पादने टोचल्यानंतर रुग्णांना गंभीर त्रास झाला होता, आणि एकाही एक्सोसोम उत्पादनाला मान्यता दिलेली नाही असे त्यात स्पष्ट म्हटले होते. किडनीच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच कमी असते. निर्जंतुक नसलेली बाटली त्याच्यासाठी निरोगी माणसापेक्षा कितीतरी महाग पडते.

२०१० मध्ये थायलंडमधल्या एका स्त्रीची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ल्युपसमुळे तिची किडनी बिघडली होती आणि एका खासगी ठिकाणी तिच्याच रक्तातल्या मूळपेशी थेट किडनीत टोचल्या होत्या. तिथे गाठी तयार झाल्या आणि शेवटी ती किडनी काढावी लागली. त्या पुटिका नव्हत्या, जिवंत पेशी होत्या, हा फरक मी मुद्दाम नोंदवतो. पण ‘तुमच्याच शरीरातले आहे, मग नुकसान कसे होईल’ हे वाक्य तिलाही लागू होते.

आपल्याकडे नियम काय सांगतात? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे मूळपेशी प्रत्यारोपण सोडले तर बाकी सर्व स्टेम सेल उपचार संशोधनात मोडतात. २०१९ च्या नव्या औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियमांत मूळपेशींपासून बनवलेले उत्पादन ‘नवे औषध’ मानले आहे. म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. दुसरा रस्ता नोंदणीकृत चाचणीचा. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर नोंदवाव्या लागतात आणि ती यादी कुणालाही मोफत पाहता येते. तिथे नाव सापडत नसेल, तर पुढे बोलणे थांबवा. आणि खऱ्या चाचणीत तपासले जाणारे औषध रुग्णाला विकत घ्यावे लागत नाही. पैसे मागितले की समजून जा.

जे हाताशी आहे ते

या सगळ्या गदारोळात माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जे जागतिक आकडे आले, त्यांनुसार २०२३ साली जगात सुमारे ७८.८ कोटी प्रौढांना दीर्घकालीन किडनीविकार होता. त्यातले सुमारे १३.८ कोटी भारतात. चीननंतर आपणच. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने किडनीच्या आरोग्यावर पहिल्यांदाच स्वतंत्र ठराव केला. आणि याच काळात किडनीचा ऱ्हास हळू करणारी औषधे आपल्याकडे स्वस्त झाली आहेत. डापाग्लिफ्लोझिनच्या जेनेरिक गोळ्या २०२० च्या अखेरीपासून मिळतात. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले आणि साठेक रुपयांची गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत किडनी झपाट्याने खालावणे, निकामी होणे किंवा किडनीच्या वा हृदयाच्या आजाराने मृत्यू होणे यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी घटला होता. एक्सोसोमच्या एका बाटलीच्या पैशांत अशा गोळ्यांची कित्येक वर्षे निघतील.

या गोळ्या सगळ्यांसाठी नाहीत, हेही खरे. किडनी फार खालावली असेल तर त्या नव्याने सुरू करत नाहीत. टाइप १ मधुमेहात देत नाहीत. जननेंद्रियाजवळ बुरशीचा त्रास होऊ शकतो. उलट्या-जुलाब किंवा उपवास असेल तेव्हा काही दिवस थांबवाव्या लागतात. सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढते, तेव्हा घाबरून परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. मेडिकलमधून आपल्या मनाने तर मुळीच आणू नका.

आणि लघवीतला निरोप वाचायला एक्सोसोमची लॅब लागतेच असे नाही. लघवीतल्या अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी प्रमाण काढणारी तपासणी काही शे रुपयांत होते. हा आकडा ३० च्या वर सतत राहिला तर किडनी हाक मारते आहे असे समजा, क्रिएटिनिन नॉर्मल असले तरीही. मधुमेह किंवा बीपी असलेल्या प्रत्येकाने ती वर्षातून एकदा करायला हवी. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत साखरेचे वीस रिपोर्ट असतात. हा एक बहुधा नसतो. घरी आई-वडिलांची फाइल असेल तर आजच चाळून पाहा.

ज्यांची किडनी आधीच शेवटच्या टप्प्यात आहे त्यांना हे वाचून ‘मग आमच्यासाठी काय?’ असे वाटेल. फिस्टुला वेळेवर करून घ्या; घाईत मानेत नळी घालून सुरू केलेल्या डायलिसिसपेक्षा तो फार सुरक्षित असतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, तुमच्या जवळचे कोणते रुग्णालय त्यात आहे ते विचारा. प्रत्यारोपणाची चौकशी डायलिसिस सुरू होण्याआधीच करा, नंतर नव्हे. लाखभर रुपये बाजूला काढलेले असतील तर ते यासाठी लागतील.

कुणी इंजेक्शन आधीच घेतले असेल, तर लपवू नका. आम्ही रागावण्यासाठी बसलेलो नाही. बिल, बाटलीवरचे लेबल, दिलेल्या तारखा किडनीतज्ज्ञांना दाखवा. ताप, थंडी वाजून येणे, सुई टोचलेल्या जागी लाली किंवा सूज, अंगावर पुरळ, धाप यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असेल तर तिथल्या टीमलाही सांगा, कारण अशा पुटिकांवर परक्या पेशींच्या ओळखखुणा असू शकतात आणि पुढच्या जुळणीच्या तपासण्या वाचताना त्यांना ही माहिती हवी असते. आणि त्या ठिकाणी बंद करायला लावलेल्या बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या असतील, तर त्या पुन्हा कधी आणि किती सुरू करायच्या हे आपल्या डॉक्टरांना लगेच विचारून घ्या.